मतदारसंघ, महाराष्ट्र विधानसभेचे
राज्याच्या विधानसभेवर प्रतिनिधी निवडून पाठविण्यासाठी कायद्याने आखून दिलेले प्रादेशिक विभाग म्हणजे विधानसभा मतदारसंघ. महाराष्ट्रात असे २८८ मतदारसंघ असून प्रत्येकातून एक सदस्य थेट मतदानाने निवडला जातो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा हा क्रमाने पहिला, तर सांगली जिल्ह्यातील जत हा शेवटचा मतदारसंघ होय. मतदारसंघाची सीमा ही वरवर पाहता प्रशासकीय सोयीची बाब वाटते. तथापि कोणाचे मत कोणाच्या मताबरोबर मोजले जावे, हे तीच ठरविते. त्यामुळे मतदारसंघांच्या आखणीचा इतिहास हा राज्यातील निरनिराळ्या समाजगटांना विधिमंडळात मिळालेल्या किंवा नाकारल्या गेलेल्या स्थानाचाही इतिहास ठरतो.

ब्रिटिश अंमलातील प्रारंभ : १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टनुसार मुंबईच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात कायदे करण्यापुरते काही अतिरिक्त सभासद घेण्यात आले. त्या मंडळाची पहिली बैठक १८६२ मध्ये भरली. जगन्नाथ शंकरशेट हे त्यातील आरंभीचे हिंदी सभासद होते. परंतु हे सर्व सभासद सरकारनियुक्त असत आणि मतदारसंघ ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. १८९२ च्या कायद्याने नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ, व्यापारी संस्था इत्यादींना नावे सुचविण्याचा अधिकार दिला. निवडणूक हा शब्द कायद्यात टाळला असला, तरी व्यवहारात ही अप्रत्यक्ष निवडणूकच होती. फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक (१८९५) आणि गोपाळ कृष्ण गोखले (१८९९) हे याच मार्गाने कायदेमंडळात गेले. या टप्प्यावर प्रतिनिधित्व संस्थेचे होते, भूप्रदेशाचे किंवा व्यक्तीचे नव्हते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी निवडणुकीचे तत्त्व उघडपणे मान्य केले, परंतु त्याचबरोबर मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघही निर्माण केले.

प्रादेशिक मतदारसंघांचे खरे स्वरूप १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर दिसू लागले. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात निवडून आलेल्या सभासदांची संख्या ८६ झाली. मतदानाचा हक्क शेतसारा, प्राप्तिकर, घरभाडे यांसारख्या सांपत्तिक कसोट्यांवर अवलंबून होता. मुसलमान, यूरोपीय, व्यापारी मंडळे, दख्खनचे सरदार व इनामदार यांसाठी वेगळ्या जागा होत्या. दक्षिण महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीच्या मागणीचा परिणाम म्हणून बहुसदस्य मतदारसंघांतील सात जागा मराठा व तत्सम जातींसाठी राखून ठेवण्यात आल्या. संख्येने मोठ्या असलेल्या समाजासाठी राखीव जागा ठेवण्याचे हे उदाहरण मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. मतदानाचा हक्क संपत्तीवर अवलंबून असल्यामुळे लोकसंख्येतील बहुमत मतदारयादीत उतरेलच, असा भरवसा नव्हता. अस्पृश्य समाजाला मात्र निवडणुकीची एकही जागा मिळाली नाही. त्याचे प्रतिनिधी सरकार नियुक्त करीत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना या उणिवेकडे लक्ष वेधले होते आणि १९२७ मध्ये ते स्वतः नियुक्त सभासद म्हणूनच मुंबईच्या कायदेमंडळात गेले. स्त्रियांच्या मतदानावरील बंदी मुंबई कायदेमंडळाने १९२१ मध्ये उठविली.

पुणे करार आणि १९३५ चा कायदा : १६ ऑगस्ट १९३२ रोजी जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघ देऊ केले. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. विभक्त मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा, हे त्या कराराचे सार होय. निवाड्यातील ७१ जागांच्या जागी प्रांतिक विधिमंडळांत एकूण १४८ जागा अस्पृश्यांना मिळाल्या. त्यांपैकी १५ मुंबई इलाख्यात, तर २० मध्य प्रांतात होत्या. राखीव जागेसाठी प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांचा संच निवडावा आणि अंतिम निवड सर्व मतदारांनी करावी, अशी तरतूद होती. जागांची संख्या वाढली, पण अंतिम निवड बहुसंख्याकांच्या हाती गेली. या देवघेवीविषयीचा वाद आजही संपलेला नाही.

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेला १७५ जागा दिल्या. त्यांची वाटणी त्या काळातील प्रतिनिधित्वाच्या कल्पनेवर प्रकाश टाकते : सर्वसाधारण ११४ (त्यांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी व ७ मराठ्यांसाठी राखीव), मुसलमान २९, व्यापार-उद्योग ७, कामगार ७, स्त्रिया ६, यूरोपीय ३, हिंदी ख्रिस्ती ३, अँग्लो-इंडियन २, जमीनदार २, विद्यापीठ १ व मागास जमाती १. म्हणजे नागरिक हा प्रथम कोणत्या तरी वर्गाचा किंवा व्यवसायाचा सभासद आणि नंतर मतदार, असे गृहीत धरलेले होते. मुंबईतील बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. या पद्धतीचा लाभ विखुरलेल्या अल्पसंख्य गटांना होत असे. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतील भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आले. त्यांनी काँग्रेसचे उमेदवार व विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा पराभव केला. त्या वर्षी जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. सांपत्तिक अट कायम असल्याने संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात मतदारांची संख्या सु. ३ कोटींपुरतीच होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तेथील जनतेला प्रौढ मतदानाचा अनुभव १९५२ पर्यंत आला नाही.

प्रौढ मतदान आणि द्विसदस्य मतदारसंघ : संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदानाचा हक्क दिला. विभक्त मतदारसंघ तसेच जमीनदार, व्यापारी, विद्यापीठ यांच्या विधानसभेतील खास जागा रद्द झाल्या. राखीव जागा केवळ अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्यासाठी, आणि त्याही लोकसंख्येच्या प्रमाणात (अनुच्छेद ३३२) राहिल्या. पुणे करारातील चार उमेदवारांचा संच इतिहासजमा झाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ जागा होत्या. विदर्भातील मतदारांनी त्या वेळी मध्य प्रदेशाच्या, तर मराठवाड्यातील मतदारांनी हैदराबादच्या विधानसभेसाठी मतदान केले. निरक्षर मतदारांच्या सोयीसाठी प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची वेगळी मतपेटी ठेवलेली असे. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रूढ झाली.

राखीव जागांसाठी या काळात बहुधा द्विसदस्य मतदारसंघ योजलेले असत. त्यात एक जागा सर्वसाधारण व एक राखीव असे. मतदाराला दोन मते असत, परंतु ती दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास आता कायद्याने मनाई होती. परिणामी अनुसूचित जातींच्या मतदारांना आपली मते एकवटणे अवघड झाले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतील अशाच द्विसदस्य मतदारसंघात डॉ. आंबेडकर पराभूत झाले. दुसरीकडे, आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम् मतदारसंघात १९५७ मध्ये लोकसभेच्या दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना मिळाल्या आणि व्ही. व्ही. गिरी यांचा पराभव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हा निकाल वैध ठरविला. त्यानंतर १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. राखीव मतदारसंघ पूर्णतः वेगळे करण्यात आले आणि ‘एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी’ हे तत्त्व सर्वत्र लागू झाले.

द्विभाषिक मुंबई ते महाराष्ट्र : १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. त्याच्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. १९५७ ची निवडणूक ही मराठी प्रदेशात संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरील सार्वमतच ठरली. दादरमधून आचार्य प्र. के. अत्रे, पुण्यातील शुक्रवार पेठेतून एस. एम. जोशी असे संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेते विजयी झाले आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव झाला. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना कऱ्हाडमध्ये निसटता विजय मिळाला. काँग्रेसने २३४ जागा मिळवून सत्ता राखली, ती प्रामुख्याने गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या आधारावर. एकाच सभागृहातील बहुमत आणि एका भाषिक प्रदेशातील बहुमत यांतील ही विसंगती राज्याच्या विभाजनाला कारणीभूत झालेल्या घटकांपैकी एक होती. १ मे १९६० रोजी राज्य विभागले गेले, तेव्हा नव्याने निवडणूक न घेता मतदारसंघांच्या भूगोलानुसार सदस्यांची वाटणी झाली : ३९६ पैकी १३२ गुजरातकडे गेले व २६४ महाराष्ट्राकडे आले. महाराष्ट्राची पहिली स्वतंत्र विधानसभा निवडणूक १९६२ मध्ये याच २६४ जागांसाठी झाली. तीत काँग्रेसला २१५ जागा मिळाल्या.

परिसीमन : प्रत्येक जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याच्या प्रक्रियेस परिसीमन म्हणतात. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सीमांचे आदेश संसदेपुढे ठेवले गेले व तेथे त्यांत फेरबदल झाले. ज्यांनी निवडून यावयाचे त्यांनीच सीमा आखाव्यात, हे अनुचित असल्याने १९५२ च्या कायद्याने स्वतंत्र परिसीमन आयोग स्थापण्यात आला. पुढे १९६२, १९७२ व २००२ च्या कायद्यांनी असे आयोग नेमले गेले. २००२ च्या कायद्यानुसार सर्वोच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायाधीश आयोगाचे अध्यक्ष असतात. निवडणूक आयोगाचा एक प्रतिनिधी व संबंधित राज्याचे निवडणूक आयुक्त हे सदस्य असतात. पाच खासदार व पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून चर्चेत भाग घेतात, परंतु त्यांना मताधिकार नसतो. आयोगाच्या आदेशाला कायद्याचे बळ असते. अनुच्छेद ३२९ मुळे न्यायालयीन हस्तक्षेपाला फारच थोडा वाव आहे; तथापि उघडउघड मनमानी असलेल्या आदेशाची तपासणी न्यायालय करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील जागा १९६७ मध्ये २७० व १९७८ मध्ये २८८ झाल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसंख्यानियंत्रणाच्या धोरणास अनुसरून जागांची संख्या २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. जागा स्थिर राहिल्या, पण लोकसंख्या वाढत गेली. १९७१ च्या जनगणनेनुसार एका आमदारामागे सरासरी सु. १.७५ लाख लोकसंख्या होती. २००१ मध्ये ती सु. ३.३६ लाख व २०११ मध्ये सु. ३.९० लाख झाली. याच काळात राज्यांतर्गत स्थलांतरामुळे मतदारसंघामतदारसंघांतील तफावत तीव्र झाली. गिरणगावाची वस्ती विरळ होत असता ठाणे, कल्याण, वसई, पुण्याची उपनगरे येथील मतदारसंघ फुगत गेले. परिणामतः एखाद्या कोकणी तालुक्यातील मतदाराच्या मताला उपनगरातील मतदाराच्या मतापेक्षा कितीतरी अधिक वजन आले.

२००१ च्या जनगणनेवर आधारलेले व २००८ मध्ये अंमलात आलेले परिसीमन हे या विषमतेवरील उत्तर होते. ते ऑक्टोबर २००९ च्या निवडणुकीत प्रथम लागू झाले. एकूण जागा २८८ च राहिल्या. त्यामुळे एका जिल्ह्याला मिळालेली जागा दुसऱ्या जिल्ह्याने गमावलेली असे. ठाणे जिल्ह्याच्या (त्या वेळी पालघरसह) जागा १३ वरून २४, तर मुंबई उपनगराच्या १७ वरून २६ झाल्या. मुंबई शहराच्या १७ वरून १०, साताऱ्याच्या १० वरून ८ व सिंधुदुर्गाच्या ४ वरून ३ झाल्या. ऑपेरा हाऊस, खेतवाडी, उमरखाडी, चिंचपोकळी, माझगाव, तसेच साताऱ्यातील खटाव व जावळी, सिंधुदुर्गातील मालवण व वेंगुर्ले ही नावे यादीतून गेली. १९५७ मध्ये गाजलेले दादरही नावापुरते उरले नाही. मतांचे मूल्य समान करण्याचा हा अपरिहार्य परिणाम होता. परंतु डोंगराळ व विरळ वस्तीच्या भागांत एकाच आमदाराला पूर्वीपेक्षा विस्तीर्ण प्रदेश सांभाळावा लागू लागला. तालुक्याच्या सीमा मोडून महसूल मंडळे व तलाठी सजे यांच्या आधारे मतदारसंघ जोडले गेल्यामुळे अनेक ठिकाणी एक तालुका दोन-तीन मतदारसंघांत विभागला गेला.

राखीव मतदारसंघ आणि जनगणना : राखीव जागांची संख्या जनगणनेतील नोंदीवर कशी अवलंबून असते, याचे महाराष्ट्र हे ठळक उदाहरण आहे. १९६२ मध्ये अनुसूचित जातींसाठी ३३ व जमातींसाठी १४ जागा राखीव होत्या. १९६७ मध्ये त्या अनुक्रमे १५ व १६ झाल्या. पाच वर्षांत अनुसूचित जातींच्या जागा निम्म्याहून कमी होण्याचे कारण १९५६ च्या धर्मांतरात सापडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्यामागून लक्षावधी लोक बौद्ध झाले. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७,८९,५०१ बौद्धांची नोंद झाली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती-आदेशानुसार बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होत नसे. म्हणून त्यांची संख्या राखीव जागांच्या हिशेबातून वगळली गेली आणि त्यांना राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्कही उरला नाही. राहणीमान व सामाजिक वागणूक यांत फरक पडला नसताना केवळ जनगणनेच्या एका रकान्यातील बदलामुळे एका मोठ्या समाजाचे विधानसभेतील हमीचे स्थान तीन दशके हिरावले गेले. १९७८ मध्ये या जागा १८ होत्या. १९९० मध्ये त्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला; परंतु जागा गोठविलेल्या असल्याने त्यांचा आकडा लगेच बदलला नाही. २००८ च्या परिसीमनानंतर तो २९ झाला. अनुसूचित जमातींसाठीच्या जागा १९७८ मध्ये २२ व २००९ पासून २५ आहेत.

दोन्ही प्रकारच्या राखीव जागा निश्चित करण्याचे निकष वेगळे आहेत. जमातींसाठीच्या जागा त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या क्षेत्रांत ठेवल्या जातात. नंदुरबार जिल्ह्यातील चारही मतदारसंघ राखीव आहेत, ते यामुळेच. अनुसूचित जातींच्या जागा मात्र त्यांचे प्रमाण तुलनेने मोठे असलेल्या भागांत, परंतु राज्यभर विखरून ठेवावयाच्या असतात. त्यामुळे अशा मतदारसंघांत अनुसूचित जातींचे मतदार सामान्यतः अल्पसंख्यच असतात आणि निवड इतरांच्या मतांवर ठरते. पुणे करारावेळी उपस्थित झालेला प्रश्न अशा रीतीने वेगळ्या रूपात कायम राहिला आहे.

निवडणुका व प्रतिनिधी : सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार विजयी, ही पद्धत असल्याने मतांचे व जागांचे प्रमाण जुळतेच असे नाही. १९९५ मध्ये काँग्रेसला सु. ३१ टक्के मते व ८० जागा मिळाल्या, तर शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीला मिळून सु. २९ टक्के मतांवर १३८ जागा मिळाल्या. त्या वेळी ४५ अपक्ष निवडून आले व त्यांपैकी अनेकांच्या पाठिंब्यावर युतीचे मंत्रिमंडळ बनले. तत्पूर्वी १९७८ मध्ये जनता पक्ष ९९, काँग्रेस ६९ व काँग्रेस (आय) ६२ अशी विभागणी होऊन राज्यात संयुक्त मंत्रिमंडळांचे पर्व सुरू झाले होते. १९९० मध्ये काँग्रेसला १४१ जागा मिळाल्या. त्यानंतर २०२४ पर्यंतच्या कोणत्याही निवडणुकीत एका पक्षाला १४५ चे बहुमत स्वबळावर मिळालेले नाही. २०२४ मध्ये सर्वांत मोठ्या ठरलेल्या भारतीय जनता पक्षाला १३२ जागा मिळाल्या. मतदाराचे किमान वय ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून २१ वरून १८ वर आले आणि २००४ पासून मतदान यंत्रांचा वापर राज्यभर होऊ लागला.

जिल्हा परिषदा (१९६२), सहकारी साखर कारखाने, बाजार समित्या व शिक्षणसंस्था यांतून उमेदवारांची मोठी फळी तयार झाली. अनेक मतदारसंघांत घराण्यांचे वर्चस्व निर्माण झाले. याउलट पक्षाची ताकद मर्यादित असतानाही मतदारसंघाशी असलेल्या निष्ठेमुळे टिकून राहिलेल्या प्रतिनिधींची उदाहरणे आहेत. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख हे दुष्काळी सांगोला मतदारसंघातून १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा निवडून आले. प्रतिनिधी हा मतदारांना बांधील की पक्षाला, हा प्रश्न १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने (पक्षांतरबंदी) पक्षाच्या बाजूने सोडविण्याचा प्रयत्न केला. २०२२ व २०२३ मधील पक्षफुटींनी तो महाराष्ट्रात पुन्हा ऐरणीवर आणला.

स्त्रियांचे प्रतिनिधित्व ही या व्यवस्थेची सर्वांत जुनी उणीव होय. १९३५ च्या कायद्यातील सहा राखीव जागा स्वातंत्र्यानंतर राहिल्या नाहीत. २०१९ मध्ये २८८ पैकी २४ स्त्रिया निवडून आल्या. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव ठेवण्याची तरतूद केली. परंतु तिची अंमलबजावणी त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेवर व तदनंतरच्या परिसीमनावर अवलंबून ठेवली. अँग्लो-इंडियन समाजाच्या नियुक्त सदस्याचे स्थान २०२० मध्ये संपुष्टात आले. अशा रीतीने वर्ग, धर्म व व्यवसाय यांवर आधारलेले प्रतिनिधित्व मागे पडून प्रादेशिक मतदारसंघ हा राज्यातील प्रतिनिधित्वाचा मूलाधार बनला आहे. मात्र त्याच्या सीमा जनगणनेच्या आकड्यांवर आखल्या जातात आणि गणनेत ज्याची नोंद राहून जाते, त्याला विधानसभेतही जागा मिळत नाही, हे १९६१ च्या अनुभवाने दाखवून दिले आहे.